विश्रांतीचाही पगार मिळतो!

पुसेगाव म्हटले की पुष्कळांना साताऱ्याकडचे पुसेगाव आठवते. मी म्हणतो ते आपल्या हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. येथे पहाटे पाचला रस्त्यावर उभे राहिले की अंधारात पावलांचा आवाज ऐकू येतो. पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली डांबरी रस्त्याने पळत असतात. त्यांतली काही जण नंतर माझ्या दवाखान्यात येतात. कोणाची नडगी दुखते, कोणाचा गुडघा, कोणाची टाच.

मागल्या महिन्यात एकोणीस वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली. पहाटे पळणे, दिवसभर रानात काम, संध्याकाळी पुन्हा पळणे, असा तिचा क्रम. दोन महिन्यांपासून टाचेच्या मागे, थोडे वरच्या बाजूस दुखत होते. सकाळी अंथरुणातून उठून पहिली चार पावले टाकताना तर डोळ्यांत पाणी येई.

वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक सुई मारा अन् पळू द्या तिला. भरती तोंडावर आली."

मुलगी म्हणाली, "थांबले तर मागं पडीन, सर."

मी सुई मारली नाही. तिला अमेरिकेतल्या दोन खेळाडू बायकांची गोष्ट सांगितली. तीच आज वाचकांना सांगतो.

अमेरिकेत बास्केटबॉल खेळणारे पुरुष कोट्यधीश होतात, हे आपण ऐकतो. बायकांची गोष्ट निराळी. त्यांची व्यावसायिक स्पर्धा, डब्ल्यूएनबीए, 1997 साली सुरू झाली. ती साधारण उन्हाळ्यापुरती चालते आणि पगार पुरुषांच्या मानाने फारच थोडा. म्हणून तेथील हंगाम संपला की या खेळाडू रशिया, तुर्कस्तान, चीन, इटली, ऑस्ट्रेलिया अशा देशांतील क्लबांकडून खेळायला जात. आपल्याकडची कुटुंबे खरिपाची कामे उरकून ऊसतोडीला जातात ना, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की पैसा भरपूर. पण शरीर तेच, आणि त्याला सुट्टी नाही!

ब्रिॲना स्ट्युअर्ट ही अशीच एक खेळाडू, उंची सहा फूट चार इंच. अमेरिकेत ती सिएटल संघाकडून खेळे आणि हिवाळ्यात चीनला जाई. 2018 साली तिने अमेरिकेतील स्पर्धा जिंकली आणि ती सर्वोत्कृष्ट खेळाडूही ठरली. लगेच सप्टेंबरमध्ये स्पेनमध्ये विश्वचषक, तोही जिंकला. तेथून रशियातील डायनॅमो कुर्स्क क्लबचा हंगाम. एप्रिल 2019 मध्ये हंगेरीतील शोप्रोन या गावी युरोपियन स्पर्धेचा अंतिम सामना होता. त्या सामन्यात उडी मारून खाली येताना तिच्या उजव्या पायाची धोंडशीर तुटली. वय अवघे चोवीस. शस्त्रक्रिया झाली आणि 2019 चा अमेरिकेतील सारा हंगाम बुडाला.

धोंडशीर म्हणजे काय? शीर म्हटले तरी ही रक्तवाहिनी नव्हे. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधून ठेवणारी ही जाड दोरी आहे. शरीरातील सर्वांत मोठी आणि बळकट कंडरा हीच. धावताना तिच्यावर वजनाच्या सहा ते आठ पट भार येऊ शकतो. पन्नास किलोच्या मुलीच्या बाबतीत हा भार तीन-चार क्विंटलचा झाला! मात्र टाचेच्या वर दोन-तीन बोटांवर या दोरीला रक्तपुरवठा कमी असतो. रोजच्या धावण्याने तिचे बारीक तंतू झिजतात आणि ते सांधायला वेळ लागतो. सांधण्याआधीच पुन्हा ताण दिला की झीज साठत जाते आणि एखाद्या दिवशी दोरी तुटते. स्ट्युअर्टची दोरी केवळ थकव्यानेच तुटली असे छातीठोक सांगता येणार नाही. पण वर्षभर न थांबता खेळणाऱ्याला हा धोका असतो, हे खरे.

आता दुसरी गोष्ट. डायना टोरासी ही फिनिक्स संघाची खेळाडू. तीही वर्षानुवर्षे उन्हाळ्यात अमेरिकेत आणि हिवाळ्यात परदेशात खेळत असे. 2015 साली तिच्या एकातेरिनबर्ग येथील रशियन क्लबने तिला सांगितले की, यंदा उन्हाळ्यात अमेरिकेत खेळू नकोस, विश्रांती घे. तिकडचा पगार आम्ही देतो. अमेरिकेत त्या वेळी मोठ्यातला मोठा पगार एक लाख सात हजार डॉलरच्या आसपास होता. रशियन क्लब तिला सुमारे पंधरा लाख डॉलर देतो, असे तेव्हाच्या वृत्तपत्रांत छापून आले होते.

क्लबने हा दानधर्म केला नव्हता. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-लोण्याने मळतो आणि पोळ्याला त्याला औताला जुंपत नाही. दमलेला बैल पुढच्या हंगामाला उपयोगी पडत नाही, हे शेतकऱ्याला कळते. तेच त्या क्लबला कळले. टोरासी 2016 साली अमेरिकेतील मैदानावर परतली, 2024 मध्ये पॅरिसला सहावे ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवले आणि 2025 च्या फेब्रुवारीत, बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाली. एका उन्हाळ्याच्या विश्रांतीनेच हे घडले असे मी म्हणणार नाही. पण थांबल्यामुळे ती मागे पडली नाही, एवढे नक्की.

स्ट्युअर्टही 2020 साली परतली आणि पुन्हा विजेती ठरली. पुढे तिने नफीसा कॉलिअर या खेळाडूबरोबर अनरायव्हल्ड नावाची हिवाळी स्पर्धा काढली. जानेवारी 2025 मध्ये ती मायामीत सुरू झाली. पोटासाठी दर हिवाळ्यात देश सोडावा लागू नये, हा त्यामागचा एक हेतू.

मी त्या मुलीला सुई का मारली नाही, याला आणखी एक कारण आहे. पंधरा वर्षांपूर्वी असाच एक मुलगा मैदानी चाचणीच्या आदल्या दिवशी आला होता. तो हातापाया पडला आणि मी वेदनाशामक इंजेक्शन दिले. वेदना दबली, इजा तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी पळताना त्याची धोंडशीर तुटली. तो पोलीस झाला नाही. आज तो किराणा दुकान चालवतो, भेटला की आदराने नमस्कार करतो. तो नमस्कार मला टोचतो.

तेव्हा पळणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आठवड्यातून निदान एक दिवस पळणे पूर्ण बंद ठेवावे. अंतर हळूहळू वाढवावे. डांबरापेक्षा मातीचे मैदान बरे. झिजलेले बूट टाकून द्यावेत. रात्री सात-आठ तास झोप हवीच, कारण शरीराची डागडुजी मुख्यतः झोपेत होते. धोंडशिरेत स्टिरॉईडचे इंजेक्शन घेऊ नये, त्याने ती तुटण्याची भीती असते. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील प्रतिजैविकांनीही ती क्वचित कमजोर होते. म्हणून औषध घेताना आपण पळतो हे डॉक्टरांना सांगावे.

पळताना मागून कोणी काठी मारल्यासारखे वाटले, 'फट' असा आवाज आला आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर मालीश करत बसू नये. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवताच कळ येत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ आला तरी पळू नये, पुन्हा तपासून घ्यावे.

त्या मुलीचे पळणे मी सध्या बंद केले आहे आणि तिला एक व्यायाम दिला आहे. पायरीच्या कडेला चवड्यांवर उभे राहून दोन्ही पायांनी वर उठायचे आणि दुखऱ्या पायावर भार देऊन टाच सावकाश खाली न्यायची. पंधरा वेळा, असे तीन फेरे, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. थोडे दुखले तर चालते. दुखणे वाढत गेले तर थांबून मला दाखवायचे. दुखणे अगदी टाचेच्या हाडापाशी असेल तर टाच पायरीखाली नेऊ नये.

तिची भरती निघेल तेव्हा निघेल. आठशे मीटर ती किती वेळात पळेल, हे मी आज सांगू शकत नाही. परवा तिचे वडील रस्त्यात भेटले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या दारात दोनच पायऱ्या. सकाळ-संध्याकाळ त्यावर उभी असते." जरा थांबून पुढे म्हणाले, "अन् रानातलं काम सध्या तिला सांगत नाही."

मला वाटते, त्या मुलीला मिळालेला विश्रांतीचा पहिला पगार तोच.