गिबनांचें युगुलगायन

वानर म्हटला कीं शेपटी आणि चाळे हींच डोळ्यांपुढें येतात. गिबन मात्र पुच्छहीन, मानवाच्या कुळाला जवळचा, आणि विशेष हें कीं तो गातो. ‘गातो’ हा शब्द आम्ही अलंकार म्हणून योजलेला नाहीं. सकाळीं नरमादी वृक्षाग्रीं बसून जें म्हणतात त्यास शास्त्रज्ञही गाणेंच म्हणतात.

सयामच्या अरण्यांत १९३७ सालीं कार्पेंटर या अमेरिकन पंडितानें त्यांचें बारकाईनें निरीक्षण केलें. तेथील पांढऱ्या हातांच्या गिबनाची मादी सावकाश लांब सूर लाविते. तो चढत शिखराला पोंचतो व उतरतो, आणि मग नर आपली तान जोडतो. मादीचें संपेपर्यंत थांबण्याचा हा संयम किती घरांत आढळेल, हें वाचकांनींच ठरवावें! २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणींत या सुरांमधील अंतरें पुष्कळदां सम आढळलीं. म्हणजे गाण्यास ठेकाही आहे.

परंतु आम्हांस अधिक नवल वाटलें तें २००६ सालच्या प्रयोगाचें. थायलंडमधील खाओ याई अरण्यांत संशोधकांनीं हिंस्र प्राण्यांच्या बनावट आकृत्या ठेविल्या. त्या पाहून गिबनांनीं जें गाणें म्हटलें त्यांतील सूर नित्याच्या युगुलगायनांतलेच होते. निराळी होती ती त्यांची मांडणी. आरंभीं हळू हुंकार पुष्कळ वेळ चालले, आणि मादीची मोठी तान लांबणीवर पडली. ‘नदी’ आणि ‘दीन’ यांत अक्षरें तींच, क्रम पालटला कीं अर्थ पालटतो. तसाच हा प्रकार. दृष्टीआडच्या गिबनांनाही तो भेद उमगतो. याला व्याकरण म्हणावें काय? पाणिनीच्या अर्थानें खासच नव्हे. पण क्रमाला अर्थ आहे, एवढें मान्य करणें प्राप्त आहे.

हें गाणें शिकवितो कोण? दोन जातींच्या संकरापासून झालेली संतति मधल्याच घाटणीचें गाणें गाते, आईचें जसेंच्या तसें उचलीत नाहीं. मूळ सांचा रक्तांतूनच येतो. संथा घेऊन वाढलेल्या आम्हांस हें चमत्कारिक वाटतें खरें.

आपल्या देशांत हा वानर आसामकडे आहे. त्यास हुलॉक म्हणतात. नर काळा, मादी पिंगट, आणि दोघांचे सूर बहुतांशीं सारखे. जोरहाटजवळील होल्लोंगापार अभयारण्य त्याच्याच नांवें ओळखलें जातें. पण त्या रानांतून आगगाडीचा रस्ता गेला आहे. हुलॉक सहसा जमिनीवर उतरत नाहीं. रुळांपलीकडील गाणें अलीकडच्या कुटुंबास ऐकूं येतें. परंतु फांदीला फांदी लागत नसल्यामुळें वयांत आलेल्या नरास वा मादीस जोडीदार शोधावयास पलीकडे जातां येत नाहीं.