तळाच्या संघाची सोयरीक

नाहूरला केवळ धीम्या गाड्या थांबतात. त्या गाडीत बसलेला मनुष्य सुमारे तासाभराने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो, आणि तेथून फोर्टातील जुन्या कचेऱ्यांच्या कडेकडेने, ओव्हलच्या विस्तीर्ण हिरवळीवर एकाच वेळी रंगलेले क्रिकेटचे अनेक डाव मागे टाकीत दक्षिणेस चालत राहिला, तर कूपरेजच्या फाटकाशी येऊन पोहोचतो. पिंपे बांधणाऱ्या कारागिरांच्या जुन्या वहिवाटीवरून ज्याचे नाव पडले, त्या या फुटबॉलच्या मैदानाकडे मी कित्येक वर्षे ज्या संघासाठी जात असे, त्या संघाने राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे अजिंक्यपद कधी मिळविले नाही, किंवा मिरवणुका निघाव्यात असा पराक्रमही त्याच्या हातून घडला नाही. तरी सामन्याच्या दिवशी दुपारी पिवळा सदरा अंगात घालून घराबाहेर पडताना मनास जी उत्कंठा वाटे, ती पुढे मला मोठमोठ्या विजेत्यांचे सामने पाहतानाही वाटली नाही. त्या संघाचे नाव मुंबई एफसी. आमच्या नाहूरला स्वतःचे रेल्वे स्थानक मिळाले ते २००६ साली, आणि हा संघ जन्मास आला २००७ साली. स्थानक आज गजबजलेले आहे. संघ मात्र बरखास्त झाला.

हरणाऱ्या संघाच्या पाठीशी उभे राहण्याची ही जी वृत्ती, तिचे सर्वांत जुने आणि सर्वांत सोशिक रूप पाहावयाचे असेल तर स्कॉटलंडकडे पाहिले पाहिजे. त्या देशाचे आणि आपल्या फुटबॉलचे नाते तसे आरंभापासूनचे आहे. १८८८ साली सिमल्यास ड्युरंड चषकाची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा अंतिम सामन्यात समोरासमोर ठाकलेल्या रॉयल स्कॉट्स फ्युसिलिअर्स आणि हायलँड लाइट इन्फन्ट्री या दोन्ही पलटणी स्कॉटिश होत्या. ज्या देशाची लोकसंख्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी, त्या देशात ४२ व्यावसायिक संघ चार श्रेण्यांच्या साखळीत खेळतात. सर्वांत वरच्या श्रेणीत १२ आणि खालच्या तिन्हींत प्रत्येकी १०. प्रत्येक हंगामाच्या शेवटी वरच्या श्रेणीतील तळाच्या संघाने खाली उतरावे आणि खालच्या श्रेणीतील अग्रेसराने वर चढावे, असा हा शिरस्ता आहे. चौथ्या श्रेणीच्या तळाशी राहणाऱ्या संघाला पूर्वी याहून खाली जाण्याची भीती नव्हती. २०१५ पासून मात्र त्याला प्रादेशिक साखळ्यांतून वर येऊ पाहणाऱ्या संघाशी सामने खेळून आपली जागा राखावी लागली, आणि त्या कसोटीत पहिल्याने बाहेर फेकला गेला तो २०१६ साली ईस्ट स्टर्लिंगशर हा संघ. याच संघाने १९७४ साली अलेक्स फर्ग्युसन नावाच्या एका तरुणाला प्रशिक्षकपदाची पहिली नोकरी दिली होती. पुढे मँचेस्टर युनायटेडच्या कीर्तीचा जो प्रासाद उभा राहिला, त्याच्या शिल्पकाराने आपल्या हातोडीचे पहिले घाव अशा एका विपन्न संघाच्या अंगणात घातले होते.

त्याहूनही हृदयस्पर्शी कथा ब्रेकिन सिटीची. ब्रेकिन हे सुमारे सात हजार वस्तीचे गाव. आमच्या नाहूर-मुलुंडच्या टोलेजंग गृहसंकुलांपैकी चार-सहांत ते सारे मावून जाईल. या गावाच्या संघाने २०१७-१८ च्या हंगामात दुसऱ्या श्रेणीत ३६ सामने खेळले आणि त्यांतील एकही जिंकला नाही. चार सामने बरोबरीत सुटले, तेवढेच चार गुण वर्षभराच्या खातेवहीत जमा झाले. पुढे तो तिसऱ्या श्रेणीत आला, तेथून चौथ्या, आणि २०२१ साली साखळीच्याही बाहेर पडला. एवढ्या उतरंडीनंतर एखाद्या व्यापारी पेढीने दारास कुलूप घातले असते. ब्रेकिन सिटी आजही हायलँड लीगमध्ये खेळतो आहे, कारण गाव आहे तोवर गावाचा संघ असतो, अशी तेथील माणसांची धारणा आहे. स्टर्लिंग अल्बियन हा संघ कर्जबाजारी होऊन मोडकळीस आला, तेव्हा २०१० साली त्याच्या समर्थकांनीच विश्वस्त संस्थेच्या द्वारे तो विकत घेतला. संघ आमचा आहे असे म्हणणाऱ्यांनी तो खरोखरच आपल्या नावावर करून घेतला.

आता मुंबईकडे येऊ. एस्सेल उद्योगसमूहाने स्थापन केलेला मुंबई एफसी २००८ साली दुसऱ्या श्रेणीतून चढून आय-लीगमध्ये, म्हणजे त्या वेळच्या देशातील सर्वोच्च साखळीत दाखल झाला आणि सलग नऊ हंगाम तेथे टिकून राहिला. टिकून राहणे हाच त्याचा पुरुषार्थ होता. कोलकात्याच्या मातब्बर संघांपुढे आणि गोव्याच्या मुरलेल्या संघांपुढे तो बहुधा बचाव आवळून खेळे, एका गोलाने हरे, बरोबरी झाली तर आम्ही ती विजयासारखी साजरी करू, आणि हंगाम संपत आला की गुणतक्त्याच्या तळाकडे पाहून, या वर्षीही वाचलो, असे म्हणत आम्ही सुटकेचा श्वास टाकू. कूपरेजचे नूतनीकरण चालू होते त्या काळात संघाचे घरचे सामने पुण्यास बालेवाडीला होत. घरचा सामना पाहावयास घाट चढून जावे लागे, आणि तरीही काही माणसे जात. ‘यलो ब्रिगेड’ या नावाने एकत्र जमणारे ते तरुण ढोल बडवीत, घोषणा देत, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला दुसऱ्याच सामन्यात जुन्या स्नेह्यासारखे वागवीत. आमच्या बाकांवर शेवटची शिट्टी झाल्यावर हमखास ऐकू येणारे वाक्य होते: ‘हरली, पण पोरं खेळली.’ या चार शब्दांत संघावरील सारे प्रेम आणि सारी तक्रार सामावलेली असे.

या संघाला २००९ पासून सात वर्षे खालिद जमील यांनी सांभाळले. जमील स्वतः महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तिन्ही मुंबईकर संघांतून खेळलेले. म्हणजे या शहराच्या फुटबॉलचा सारा वारसा त्यांच्या ठायी एकवटलेला होता. तुटपुंज्या खर्चात, नामांकित परदेशी खेळाडूंच्या मागे न लागता, त्यांनी संघ प्रत्येक वर्षी तळापासून वर राखला. २०१६ साली ते आणि संघ विभक्त झाले. जमील मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्याच हंगामात पदावनतीच्या फेऱ्यात सापडलेला होता. त्याच संघाने २०१७ च्या एप्रिल महिन्यात शिलाँग येथे अखेरचा सामना बरोबरीत सोडवून आय-लीगचे अजिंक्यपद पटकाविले. आणि त्याच हंगामात, त्याच गुणतक्त्यात, सर्वांत खालच्या ओळीवर नाव होते मुंबई एफसीचे. पहिल्या ओळीकडे पाहताना अभिमान वाटावा आणि शेवटच्या ओळीकडे पाहताना डोळे भरून यावेत, असा तो दिवस होता. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा कूपरेजच्या त्या बाकांवर बसलेल्या प्रत्येकाला, ही रोपवाटिका आमची होती, असे म्हणण्याचा अधिकार होता.

पदावनती ही फुटबॉलमध्ये मृत्यूची शिक्षा नव्हे. खालच्या श्रेणीत जाऊन, नवी पोरे घेऊन, दोन-चार वर्षांनी पुन्हा वर येता येते. युरोपातील कितीतरी संघांचे चरित्र अशाच भरती-ओहोटीने भरलेले आहे. मुंबई एफसीला मात्र ती संधी मिळाली नाही, कारण पुढच्या हंगामात तो मैदानात उतरलाच नाही. ज्यांनी नऊ वर्षे तिकिटे काढली, प्रवास केला, पावसात भिजत घोषणा दिल्या, त्यांच्यापाशी संघाच्या मालकीचा एक कागदही नव्हता. त्यामुळे फैसला झाला तो त्यांच्या अनुपस्थितीत.

हे एका संघाचे दुर्दैव असते तर त्यावर इतके लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास चाळून पाहिला तर हीच रीत पुनःपुन्हा आढळते. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषकाची स्पर्धा, आरंभीची चार-पाच दशके गोऱ्या पलटणींनी गाजविलेली आणि १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सच्या रूपाने प्रथमच भारतीय नागरी संघाच्या हाती आलेली, शंभरांहून अधिक वर्षे चालून नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडली. या शहरातील नामवंत संघ बहुतेक कंपन्यांचे आणि सरकारी आस्थापनांचे होते: टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र. कंपनीने खेळाडूला नोकरी द्यावी, त्याने सकाळी सराव करून दुपारी हजेरीपटावर रुजू व्हावे, आणि संध्याकाळी मैदानावर कंपनीचे नाव राखावे, ही व्यवस्था त्या काळास अनुरूप होती आणि तिने असंख्य गरीब घरांतील मुलांना आयुष्यभराचे अन्न दिले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. पण जे हुकुमाने निर्माण होते ते हुकुमानेच संपते. १९६२ साली जन्मलेला आणि २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचे अजिंक्यपद मिळविलेला महिंद्र युनायटेड २०१० साली मालकांच्या निर्णयाने बरखास्त झाला. म्हणजे अजिंक्यपद मिळवूनही संघ वाचत नाही. एअर इंडियाला २०१३ साली परवान्याच्या अटी पूर्ण न केल्यामुळे आय-लीगमधून वगळण्यात आले. माहीमच्या केंकरे संघाने मोठ्या जिद्दीने आय-लीगपर्यंत मजल मारली आणि २०२२-२३ च्या हंगामाअखेर तोही पदावनत झाला.

आमच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर राहणाऱ्या माणसाला हे चित्र अपरिचित नाही. भांडुप ते मुलुंड हा एकेकाळी भोंग्यांच्या वेळेवर चालणारा कारखान्यांचा पट्टा होता. भोंगे थांबले, धुराडी उतरली, त्या जागी मॉल आणि उंच इमारती आल्या. कारखान्याबरोबर त्याची पाळी गेली, उपाहारगृह गेले, आणि क्रीडामंडळही गेले. इमारतींतील नवे रहिवासी रात्री जागून मँचेस्टरचे, माद्रिदचे सामने पाहतात. त्यांच्या रसिकतेविषयी मला आदर आहे. पण ज्या संघाला आपल्या असण्या-नसण्याने तिळमात्र फरक पडत नाही, त्याच्यावरील प्रेम आणि ज्या संघाच्या बाकावर आपण एक कमी झालो तर ती जागा उघडी दिसते, त्याच्यावरील प्रेम, ही दोन भिन्न नाती आहेत.

हे दुसरे नाते महाराष्ट्रात जिवंत पाहावयाचे असेल तर कोल्हापूरला जावे. तेथे संघ कंपनीचा नसतो, तालमीचा असतो. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, ही नावे उच्चारताच त्या शहरातील मनुष्य सावरून बसतो. राजर्षी शाहूंच्या आश्रयाने कुस्तीची पंढरी झालेल्या या नगरीत, ज्या तालमींच्या हौद्यांत पहिलवान घडले त्याच तालमींनी फुटबॉललाही आपल्या अंगणात जागा दिली. गणपती, शिवजयंती आणि फुटबॉल ही तिन्ही एकाच मंडळाच्या दप्तरात नोंदली जाऊ लागली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची साखळी सुरू झाली की छत्रपती शाहू स्टेडियमच्या पायऱ्या पेठापेठांनी वाटून घेतल्या जातात. तेथे कुणी संघ निवडत नाही. ज्या गल्लीत पाळणा हलला त्या गल्लीचा संघ हा त्याचा संघ, आणि तो तळाशी गेला, खालच्या गटात उतरला, तरी पेठ बदलून टाकावी असे कुणाच्या मनातही येत नाही. वर्गणी देणारा व्यापारी, जर्सी धुणारी आई, सराव घेणारा निवृत्त खेळाडू, हे सारे त्या संघाचे भागीदारच असतात. या ईर्ष्येतून कधी हुल्लडबाजी होते, हाणामाऱ्या होतात, पोलिसांचा बंदोबस्त लावावा लागतो, ही त्या प्रेमाची दुखरी बाजू आहे आणि ती सुधारलीच पाहिजे. परंतु २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतातर्फे खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मातीचा कस कळतो.

ब्रेकिन आणि कोल्हापूर यांच्यात सहस्रावधी कोसांचे अंतर आहे, पण दोहोंचे मर्म एकच. जो संघ एखाद्या वस्तीचा असतो, त्याला पराभव मारू शकत नाही. आणि जो वस्तीचा नसतो, त्याला अजिंक्यपद तारू शकत नाही. मुंबईने खेळाडू दिले, मैदाने दिली, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा दिला. पण आपल्या संघांना तिने आपली वस्ती दिली नाही. हा दोष खेळाडूंचा नव्हे, केवळ मालकांचाही नव्हे. बाक रिकामे ठेवणाऱ्या आम्हा नागरिकांचाही त्यात वाटा आहे.

हा दोष दूर करणे आपल्या हाती आहे. मुंबईच्या जिल्हा साखळीचे सामने आजही होतात. कूपरेजला होतात, वांद्र्याला नेव्हिल डिसूझांच्याच नावाच्या मैदानावर होतात. त्यांत उपनगरांतील पोरे खेळतात, ज्यांचे आईबाप कामावरून सुटू न शकल्यामुळे सामना पाहावयास येऊ शकत नाहीत. वाचकहो, आपल्या घराजवळचा एखादा छोटा संघ शोधून काढा, त्याच्या व्यवस्थापकाला भेटा, वर्षाची थोडी वर्गणी द्या, आणि महिन्यातून एकदा मुलाबाळांसह त्याच्या सामन्याला जाऊन बसा. तो बहुधा हरेल. त्याच्या पुढच्या सामन्यालाही जा.