नाव कळले, गाव कळेना

कामगंध सापळ्याच्या चिकट पुठ्ठ्यावर एक नर पतंग मरून पडलेला असतो. मळकट तपकिरी पंख, पिसासारख्या मिशा. आपला कापूसवाला शेतकरी बोंडअळीचे नर असेच सापळ्यात मोजतो. कॅनडातल्या व्हँकुव्हर बंदरात मात्र एकच पतंग सापडला, तरी वनखात्याची झोप उडू शकते. तिथे पतंग किती आहेत यापेक्षा तो कुठून आला, हे आधी कळावे लागते.

लायमँट्रिया डिस्पार हे त्याचे शास्त्रीय नाव. 1868-69च्या सुमारास एत्येन त्रुव्हलो या फ्रेंच चित्रकाराने तो युरोपातून अमेरिकेत, बोस्टनजवळच्या मेडफर्डला आणला. रेशीम देणारी काटक जात तयार करण्याचा त्याला नाद होता. काही सुरवंट परसातून निसटले. त्रुव्हलो पुढे आकाशातल्या ग्रहताऱ्यांची चित्रे काढण्यात रमला, चंद्रावरच्या एका विवराला त्याचे नावही मिळाले. इकडे 1889 सालच्या उन्हाळ्यात मेडफर्डच्या झाडांवर पान राहिले नाही आणि सुरवंट घरांच्या भिंतींवर चढले.

या युरोपीय वाणाच्या मादीला पंख असतात, पण ती उडत नाही. त्यामुळे दीडशे वर्षांत त्याने अमेरिकेच्या पूर्वेकडची जंगले व्यापली असली, तरी चाल संथ राहिली. याच पतंगाच्या आशियाई वाणाची मादी मात्र उडते. बंदरातल्या दिव्यांकडे झेपावते, जहाजाच्या पत्र्यावर शेकडो अंडी घालते आणि त्यांवर आपल्याच पोटाचे पिवळट केस चिकटवते. 1991 साली व्हँकुव्हरला असे पाहुणे रशियाच्या अतिपूर्व किनाऱ्यावरून जहाजांनी आले. पुढच्या वर्षी शहरावर विमानांनी बीटी जिवाणूची फवारणी करावी लागली.

खरी अडचण इथेच होती. सापळ्यात येतो तो नर, आणि दोन्ही वाणांचे नर डोळ्यांना सारखेच. 1990च्या दशकात पतंगाच्या मायटोकाँड्रियातल्या डीएनएवरून वाण ओळखायची सोय झाली. पण हा डीएनए फक्त आईकडून येतो. आई युरोपीय आणि बाप आशियाई असलेला संकर त्यात युरोपीयच ठरतो. मग पेशीकेंद्रातली एक खूण जोडीला घेतली गेली, पण तीही पुरेना. 2003 साली कॅनडातले जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी डीएनए बारकोडची, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावरून जात ओळखायची कल्पना मांडली, तिचा मोठा गाजावाजा झाला आणि तो रास्तच होता. तरी बंदरावरच्या माणसाला बारकोडने फार तर नाव सांगितले. गाव कळायचे राहिलेच.

माझ्या मते खरे वळण आले ते संपूर्ण जनुकसंचाकडे नजर गेल्यावर. या पतंगाचा जनुकसंच मोठा, सुमारे 100 कोटी अक्षरांचा. त्यात विखुरलेले हजारो एकाक्षरी फरक एकत्र वाचले, की पतंग कुठल्या प्रदेशातला याचा माग काढता येतो, हे कॅनडा आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 2018 साली दाखवून दिले. 'बायोसेफ' या कॅनडाच्या प्रकल्पात रिचर्ड हॅमेलिन आणि इल्गा पोर्थ यांनी हाच विचार लांब शिंगांचा आशियाई भुंगेरा आणि झाडांच्या बुरशीरोगांपर्यंत नेला. गाव कळले, तर कुठल्या बंदराकडून येणारी जहाजे अधिक कसून तपासायची हे ठरवता येते. सगळ्यांनाच सारखे संशयित धरावे लागत नाही.

अर्थात जुळवणी करायची तर त्या त्या गावचे नमुने आधी हाताशी हवेत. जपान, कोरिया, चीन, रशिया इथून पतंग गोळा करण्याचे कष्टाचे काम त्यामुळे कधी संपत नाही. बंदरावरचे कामही फारसे बदललेले नाही. निरीक्षक आजही जहाजाच्या कानाकोपऱ्यांत अंड्यांचे पुंजके शोधतो आणि पातीने खरवडतो. एवढेच, की ती केसाळ चिमूट नष्ट करण्याआधी तिच्यातली काही अंडी आता कुपीत भरून प्रयोगशाळेकडे पाठवता येतात.