पोटातली धमनी आणि नागपूरचा रस्ता

गडचिरोली जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982 ला. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं 9 ऑक्टोबर 2024 ला. आनंद झाला, पण मधली बेचाळीस वर्षं डोक्यातून जात नाहीत.

ऐंशीचं दशक मलेरिया, कुपोषण आणि बाळंतपणातल्या मृत्यूंचं. हेमलकसा आणि शोधग्राम इथल्या आरोग्यकामाबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला सलतं ते नव्वदचं दशक, कारण तेव्हा धमन्यांच्या रोगांवर जगात नवे इलाज निघत होते आणि इथे ते रोग कुणी ओळखतही नव्हतं.

सप्टेंबर 1990 मध्ये ब्यूनॉस आयर्सला हुआन पारोदी यांनी पोट न फाडता, जांघेतल्या धमनीतून कापडी नळी वर सरकवली आणि पोटातली फुगलेली महाधमनी आतून झाकली. तोवर, 1951 पासून, पोट उघडून फुगलेला भाग बदलणं हाच खात्रीचा इलाज होता. दशक सरता सरता दोन्ही वाटा एकत्र आल्या. फुगवटा आतडी, यकृत आणि मूत्रपिंडांच्या धमन्यांना भिडला असेल, तर सर्जन पोट उघडून त्या धमन्यांना खालून नवा रक्तपुरवठा जोडून देतो आणि मग जांघेतून तशीच कापडी नळी, म्हणजे स्टेंट-ग्राफ्ट, बसवतात. जोखीम मोठी, म्हणून निवडक रुग्णांवरच.

त्याच दशकात आमच्याकडे तेंदूपत्त्याच्या फळीवरचा, म्हणजे संकलन केंद्रावरचा, एक म्हातारा मुन्शी कंबर धरून बसला. बिडी आयुष्यभर तोंडात. मुतखडा म्हणून त्याला इंजेक्शनं दिली गेली. बनियन वर केलं की बेंबीच्या डावीकडे गोळा ठोक्यागणिक वर उचलला जाताना दिसायचा. मी तो पाहिलाय. पोटावर हात कुणी ठेवला नाही. नागपूरला नेताना नागभीडच्या अलीकडेच जीपमध्ये गेला.

‘जंगलात धमन्यांचे रोग कुठले?’ असं तेव्हा साहेब लोक बैठकांत ठासून सांगत. पुढे शोधग्रामच्या ‘सर्च’ संस्थेच्याच अभ्यासात गडचिरोलीच्या खेड्यांत मृत्यूचं पहिलं कारण पक्षाघात निघालं. तंबाखू आणि वाढलेला रक्तदाब धमन्या नासवतात, मग त्या मेंदूतल्या असोत की पोटातल्या. त्या बैठकांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

2012 मध्ये राज्य सरकारच्या जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यात गडचिरोली आला, पैशाचा अडसर थोडा हलला. रस्ता तेवढाच लांब राहिला. फुटलेली महाधमनी तेवढा वेळ देत नाही. म्हणून ती फुटण्याआधी सापडायला हवी, आणि त्यासाठी साधी सोनोग्राफी पुरते.

घरात पासष्टी ओलांडलेला, बिडी ओढणारा किंवा कधीकाळी ओढलेला पुरुष असेल, तर एकदा त्याच्या पोटाची सोनोग्राफी करून घ्या. महाधमनीची रुंदी साडेपाच सेंटीमीटरवर गेलेली दिसली, तर सर्जनला दाखवायला उशीर करू नका.