औषधाचे बिल का घ्यावे?



आम्ही बँकवाले. सारी नोकरी व्हाउचर, सही आणि शिक्का यांत गेली. व्हाउचरशिवाय एक रुपयाही इकडचा तिकडे होऊ दिला नाही. पण मेडिकलच्या दुकानात मात्र वर्षानुवर्षे हेच म्हणत आलो, "बिल राहू द्या हो, घाई आहे."

गेल्या उन्हाळ्यात घरातला औषधांचा डबा आवरायला घेतला. त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांची कापलेली पट्टी निघाली. चार गोळ्या शिल्लक, नाव अर्धवट, मुदतीची तारीख कापलेल्या तुकड्याबरोबर गेलेली. दुकानात विचारले तर उत्तर आले, "काका, बिल दाखवा, लगेच सांगतो." बिल कुठून दाखवणार? गोळ्या टाकून दिल्या. नुकसान थोडक्या पैशांचे, पण आपण काय गिळत होतो हेच आपल्याला सांगता येऊ नये, ही गोष्ट मनाला लागली.

याचे महत्त्व इंदूरकरांना वेगळे सांगायला नको. २०२५ साली आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाडा भागात, खोकल्याचे सिरप पिऊन अनेक लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. याच विषाने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा बळी घेतला होता. तेव्हा ते ग्लिसरीनमधून आले होते आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला.

असे औषध सापडले की ते बाजारातून परत मागवतात ते बॅच क्रमांकावरून. एका वेळी तयार झालेल्या मालाला एक क्रमांक असतो. कारखाना, घाऊक व्यापारी आणि दुकान यांच्या कागदांवरून त्या मालाचा माग काढता येतो. साखळीची शेवटची कडी म्हणजे आपल्या हातातले बिल. तेच नसेल तर माग दुकानाच्या काउंटरपर्यंत येऊन थांबतो.

कायदा आपल्याकडे जुना आणि बराच कडक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, औषधशास्त्र कायदा १९४८ चा. दुकानाचा परवाना सहज दिसेल असा लावलेला असावा लागतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. सेफिक्झीमसारखी काही प्रतिजैविके आणि अल्प्राझोलामसारख्या सवय लावणाऱ्या गोळ्या 'एच-१' यादीत आहेत. १ मार्च २०१४ पासून त्यांच्या विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरात करावी लागते. डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि मात्रा, सारे लिहायचे आणि रजिस्टर तीन वर्षे जपायचे. आमच्या लेजरसारखेच हे! म्हणून दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर रागावू नये. तो आडमुठेपणा करत नसतो, आपले काम चोख करत असतो.

आता आपण काय करायचे?

१. बिल मागून घ्यायचे. त्यावर दुकानाचा परवाना क्रमांक, औषधाचे नाव आणि मात्रा आहे ना, ते पाहायचे. संगणकावरच्या बिलात बहुधा बॅच क्रमांक आणि मुदतही छापलेली असते. औषध संपेपर्यंत बिल त्याच डब्यात ठेवावे.

२. पट्टी कापून घ्यावी लागली तर नाव आणि मुदत असलेला भाग आपल्याकडे येतोय का, ते पाहावे. नसेल तर दुकानातच बिलाच्या मागे लिहून घ्यावे.

३. मुदत म्हणून नुसता महिना आणि वर्ष छापले असेल तर औषध त्या महिन्याच्या अखेरपर्यंत चालते.

४. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते. दुकानातल्या फ्रीजमधूनच काढून दिले ना, ते बघावे आणि थेट घरी न्यावे. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवून वाटेत भाजी घेत बसू नये. फ्रीजरमध्येही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

५. पट्टीवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. शेजारच्या वहिनींना त्याने गुण आला असला तरी!

६. औषधाने त्रास झाला तर आधी डॉक्टरांना कळवावे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही नोंद करता येते. औषधाच्या दर्जाबद्दल शंका असेल तर ते फेकू नये; उरलेले औषध आणि बिल घेऊन जिल्ह्याच्या औषध निरीक्षकांकडे जावे.

एवढ्या वर्षांच्या ओळखीच्या दुकानदाराकडे बिल मागायचे म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखे वाटते, हे आम्हालाही कळते. पण बँकेत सख्ख्या भावाचे पैसे घेतानाही आम्ही पावती देत होतो. त्याने नाते काही तुटले नाही.

तेव्हा आजच घरातला डबा उघडा. ज्या गोळीचे नाव किंवा मुदत सांगता येत नाही, ती बाजूला काढा. पुढच्या वेळी मात्र दोन मिनिटे थांबा आणि बिल घेऊनच घरी या.