‘उतरली की उठेल’ म्हणण्यापूर्वी

बाजाराच्या दिवशी पारापाशी कोणी आडवा दिसला की आपण म्हणतो, “जास्त झाली, उतरली की उठेल.” पुष्कळदा इथेच घात होतो.

दिवसभर उपाशीपोटी पिणाऱ्याच्या यकृतातला साखरेचा साठा संपत येतो, आणि दारू यकृताला नवी साखर करू देत नाही. मग रक्तातली साखर एकाएकी उतरते. गार घाम, हाताला कंप, डोळ्यांपुढे अंधारी, आणि माणूस कोसळतो. तोंडाला वास दारूचा, म्हणून शंका कोणाला येणार?

शुद्ध असेल, नीट गिळता येत असेल, तर लगेच साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर पाण्याचा थेंबही तोंडात घालू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. कांदा नि चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नका. डोके आपटले असेल तर दवाखाना गाठाच.

आणखी एक. रोज भरपूर पिणाऱ्याने माळ घालून दारू एकदम बंद केली, तर 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात. ती बाहेरची बाधा नव्हे. माळ जरूर घाला, पण आदल्या दिवशी डॉक्टरांना भेटून.