आधी हात, मग हत्यार

रविवारी वस्तीच्या सभागृहात मुलींचा कराटेचा वर्ग सुटल्यावर एका आईने आम्हाला विचारले, "भाऊ, पोरगी दुसऱ्या पाळीला जाते. रात्री अकराला घरी येते. कर्ज काढून तिला रिव्हॉल्वर घेऊन द्यावं का?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

हात आणि पिस्तूल या दोन्हींचे शिक्षण एकत्र देणाऱ्यांत विल्यम फेअरबेर्न या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याचे नाव मोठे. ते १९०७ साली शांघायच्या पोलीस दलात आले. तेथे गुंडांनी बेदम मारल्यावर ते जपानी ज्युजुत्सू शिकले. १९२६ साली त्यांनी निःशस्त्र बचावावर पुस्तक लिहिले आणि १९४२ साली साईक्स या सहकाऱ्याबरोबर पिस्तुलावर. एकाच माणसाला दोन्ही विद्या शिकवाव्या लागल्या, हे ध्यानात घ्यावे.

याचे कारण पुढे अमेरिकन पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली आकड्यांत मांडले. चाकूवाला माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. सरावलेल्या हातालाही पिस्तूल उपसून नेम धरायला तेवढाच वेळ लागतो. २१ फूट म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या! तेव्हा पहिला वार चुकवायचा तो हातापायांनीच. बाजूला सरकणे, मनगट सोडवणे, ढकलून पळ काढणे, मोठ्याने ओरडणे. हे ज्याला येत नाही त्याचे पिस्तूल हल्लेखोराच्याच हाती जाण्याची भीती असते.

दुसरी गोष्ट कायद्याची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे स्वसंरक्षणाचा हक्क देतात. पण बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा देत नाहीत. ज्याच्याजवळ फक्त पिस्तूल आहे, त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात : गप्प राहणे किंवा गोळी झाडणे. मधल्या सगळ्या पायऱ्या हाताच्या सरावातून मिळतात.

मग शस्त्र नकोच का? तसेही नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील नियम ३ नुसार अत्याचारप्रवण भागात गरज वाटल्यास शासन अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने देऊ शकते. ही तरतूद आपल्याला माहीत हवीच. पण परवाना म्हणजे सराव नव्हे. नेम राखायला काडतुसे लागतात, मैदान लागते, पैसा लागतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांसाठी काढलेल्या 'निर्भीक' रिव्हॉल्वरचीच किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. शिवाय घरात लहान मुले असतात. कपाटातले शस्त्र त्यांच्या हाती लागले तर?

आम्ही त्या माउलीला सांगितले, "कर्ज काढू नका. पोरीला वर्षभर नियमाने वर्गाला पाठवा. रात्रीच्या गाडीसाठी चार जणी मिळून मालकाकडे अर्ज करा. अर्ज आम्ही लिहून देतो."

पुढच्या रविवारी पोरगी आली. सोबत पाळीतल्या आणखी दोघी होत्या. आपल्या घरातली मुलगी कधी येणार?